छोट्या स्टुडिओने गेम विकायचा कसा? ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आम्ही चौघं गेम बनवतो आणि विकतो. ऐरोली, महापे, खारघर, घोडबंदर रोड अशा ठिकाणांहून गेम बनवणारी मुलं-मुली भेटायला येतात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर गाठतात. फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. इथलं बहुतेक सगळं पीसीवरच्या, पैसे मोजून घ्यायच्या गेमबद्दल आहे. जाहिरातींवर चालणाऱ्या फुकट मोबाइल गेमचा धंदा निराळा, त्याबद्दल जाता जाता दोन शब्द.

गेम चांगला असेल तर आपोआप विकला जाईल ना?

नाही. २०२४ या एका वर्षात स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या सगळ्यात मोठ्या ऑनलाइन दुकानात, १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. म्हणजे दिवसाला पन्नासच्या आसपास. तुमचा गेम ज्या दिवशी येईल त्या दिवशी आणखी एकोणपन्नास येणार, आणि त्यातले काही तुमच्याइतकेच चांगले असणार. कोणी तरी शोधून काढेल, ही आशा धंद्यात धरू नये.

दुसरी बाजूही खरी आहे. कोणालाच नको असलेला गेम कितीही ढोल वाजवले तरी खपत नाही. म्हणून आम्ही पहिल्यांदा 'गेम कसा आहे' असं विचारत नाही, 'कोण घेणार' असं विचारतो. याचं उत्तर 'सगळेच' असं आलं की पुढचं बोलणं लांबतं.

मार्केटिंग कधी सुरू करायचं?

कुठला गेम करायचा हे ठरवता, त्या दिवशी. विक्रीतला सगळ्यात मोठा निर्णय तोच असतो आणि बहुतेक जण तो मार्केटिंग समजतच नाहीत. दोन वर्षं राबून एखादा टूडी प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) तयार करायचा आणि मग 'आता जरा प्रमोशन बघू' म्हणायचं, तोपर्यंत निम्म्याहून जास्त निकाल लागलेला असतो. प्लॅटफॉर्मर आणि साधी कोडी बनवायला सगळ्यांना आवडतात. स्टीमवर ती विकत घेणारे त्या मानाने थोडे. उलट व्यवस्थापनाचे, शहर किंवा कारखाना उभारण्याचे, पत्त्यांच्या डावांचे रोगलाइक (हरलं की पुन्हा पहिल्यापासून, पण दर वेळी नवा डाव), स्ट्रॅटेजी, हॉरर या प्रकारांना तिथे वर्षानुवर्षं गिऱ्हाईक आहे, आणि ते गिऱ्हाईक छोट्या स्टुडिओच्या ओबडधोबड ग्राफिक्सला नाक मुरडत नाही.

करून बघण्यासारखं एक काम सांगतो. तुमच्या प्रकारातले, गेल्या दोन वर्षांत आलेले, तीन-चार जणांनी बनवलेले दहा गेम स्टीमवर शोधा. गाजलेले नकोत, मधले शोधा. प्रत्येकाची किंमत, तारीख, रिव्ह्यूंची संख्या वहीत मांडा. एका रिव्ह्यूमागे साधारण तीसेक प्रती खपल्या असाव्यात, असा एक ठोकताळा या धंद्यात वापरतात. गेमनुसार तो बराच हलतो, पण पाचशे प्रती आणि पन्नास हजार प्रती यातला फरक कळायला पुरतो. दहापैकी आठ गेमना वीसच्या आत रिव्ह्यू असतील, तर 'आपला मात्र चालेल' याला काहीतरी ठोस कारण हवं. जीव ओतलाय, हे ते कारण नव्हे. जीव त्या आठ जणांनीही ओतला होता.

गेम कुठे कुठे ठेवायचा?

पीसीचा असेल तर आधी स्टीम. तिथे तुमचं काम धड झालं की मगच बाकीचं.

स्टीम विक्रीतला ३० टक्के वाटा घेतं. एका गेमची कमाई एक कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या रकमेवर २५ आणि पाच कोटींच्या वर २० टक्के. ती चिंता आपल्यापैकी कोणाला पडली तर पेढे वाटू. एपिक गेम्स स्टोअर १२ टक्के घेतं, आणि जून २०२५ पासून प्रत्येक गेमच्या वर्षाला पहिल्या दहा लाख डॉलरवर काहीच घेत नाही. ऐकायला झकास आहे. पण शंभर टक्के वाटा कशाचा, हेही बघा. छोटे गेम धुंडाळून विकत घेणारी गर्दी अजून स्टीमवरच आहे.

इच डॉट आयओ २०१३ पासून आहे आणि तिथे वाटा तुम्हीच ठरवता. नुसतं पुढे गेलात तर १० टक्के. पहिले प्रयोग, जॅममधले (दोन-चार दिवसांत गेम बनवायच्या स्पर्धांतले) छोटे गेम, कच्चे डेमो टाकायला इतकी चांगली जागा नाही. त्यावर घर चालेल अशी अपेक्षा मात्र नको.

मोबाइल असेल तर गूगल प्लेचं खातं २५ डॉलरमध्ये एकदाच मिळतं, अ‍ॅपलचं दर वर्षी ९९ डॉलर. गूगलचा एक नियम नव्यांना दचकवतो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खातं उघडलं असेल, तर गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांना घेऊन सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करावी लागते. (आधी हा आकडा २० होता.) पैसे घेऊन बारा माणसं पुरवणारे लोक टेलिग्रामवर बसलेत. त्यांच्या नादी लागू नका, कॉलेजचा ग्रुप कशासाठी असतो?

स्टीमवर येण्यासाठी नेमकं काय लागतं?

पॅन, बँक खातं आणि दर गेममागे १०० डॉलर. गेमने १,००० डॉलरचा धंदा केला की ते १०० परत मिळतात. खात्यावरचं नाव आणि स्टीमला दिलेलं कायदेशीर नाव अक्षरशः जुळायला हवं. दुकानात दिसणारं स्टुडिओचं नाव वेगळं ठेवता येतं. त्यामुळे पहिला गेम स्वतःच्या नावावर, बचत खात्याच्या जागी एखादं चालू खातं उघडून, सरळ सुरू करता येतो. कंपनी काढल्याशिवाय स्टीम दारात उभं करत नाही, ही अफवा आहे.

तारखांचं गणित मात्र आधी मांडा. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम बाजारात आणता येत नाही. 'लवकरच येत आहे'चं पान किमान दोन आठवडे लोकांसमोर असावं लागतं. दुकानातलं पान आणि बिल्ड (म्हणजे चालणारा गेम) दोन्हीची वेगळी तपासणी होते, प्रत्येकीला तीन ते पाच कामाचे दिवस धरा. आणि ते दिवस अमेरिकेतले; आपल्याकडे गणपतीची सुट्टी असो वा नसो, तिकडे थँक्सगिव्हिंगला टेबलं रिकामी असतात. एआयने केलेलं काही गेममध्ये असेल तर जानेवारी २०२४ पासून फॉर्ममध्ये तसं सांगावं लागतं. सांगून टाका. लपवलेलं खेळणारेच शोधून काढतात आणि मग रिव्ह्यूंमध्ये त्याशिवाय दुसरा विषय उरत नाही.

विशलिस्टचं एवढं काय आहे?

गिऱ्हाइकाने 'आला की सांगा' म्हणून ठेवलेली नोंद म्हणजे विशलिस्ट. गेम बाजारात आला की स्टीम त्या सगळ्यांना ईमेल पाठवतं, आणि पुढे २० टक्के किंवा जास्त सवलत लावली की पुन्हा पाठवतं. हा निरोप फुकट आहे आणि थेट विकत घेण्याच्या बटणापर्यंत नेतो. इन्स्टाग्रामचे दहा हजार फॉलोअर असे हलवता येत नाहीत.

म्हणून पान लवकर लावा. गेम दाखवण्याजोगा झाला की लगेच. लाँचच्या सहा-आठ महिने आधी तरी. 'सात हजार विशलिस्ट झाल्या की स्टीम वर उचलतं' असं सगळे एकमेकांना सांगतात. असा कुठलाही आकडा व्हॉल्व्हने, म्हणजे स्टीमच्या मालक कंपनीने, जाहीर केलेला नाही. इतर गेमच्या मानाने तुमच्या नोंदी जास्त असतील तर तुम्ही लोकप्रिय आगामी गेमच्या यादीत दिसता, एवढं खरं. आकड्यापेक्षा चाल बघा. कुठलंही विशेष काम केलं नाही त्या आठवड्यात रोज किती येतात? दोन-तीन येत असतील तर पानात किंवा गेममध्येच काहीतरी चुकतंय, आणखी पोस्ट टाकून ते सुधारणार नाही.

पानावर सगळ्यात महत्त्वाचं काय?

कॅप्सूल, म्हणजे गेमचं ते छोटं आडवं चित्र. लोकांना तुमचा गेम पहिल्यांदा दिसतो तो अंगठ्याएवढ्या आकारात, इतर चाळीस चित्रांच्या गर्दीत. तेवढ्यात नाव वाचता आलं पाहिजे आणि गेमचा प्रकार कळला पाहिजे. पैसे एकाच गोष्टीवर खर्चायचे असतील तर चांगल्या चित्रकाराकडून कॅप्सूल करून घ्या. आपल्याकडे पुस्तकांची मुखपृष्ठं आणि नाटकांच्या जाहिराती करणारे जबरदस्त हात आहेत. गेमच्या दुनियेत त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. फक्त त्यांना आधी त्या प्रकारातल्या वीस कॅप्सूल दाखवा, नाहीतर सुंदर पण भलत्याच गेमचं चित्र हातात येईल.

त्यानंतर ट्रेलर. स्टुडिओचा लोगो, काळा पडदा, 'एका दूरच्या राज्यात…' हे सगळं काढून टाका. पहिल्या पाच सेकंदांत खेळणाऱ्याचा हात काय करतोय ते दिसू दे. स्क्रीनशॉटमध्ये मेनू नको, खेळ हवा. वर्णनाची पहिली दोन वाक्यं इंग्रजीत लिहिताना इंग्रजीत गेम खेळणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. कॉन्व्हेंटमध्ये शिकलो म्हणून आपलं इंग्रजी दुकानाच्या पाटीला चालतंच असं नाही.

टॅगकडे, म्हणजे गेमचा प्रकार सांगणाऱ्या शब्दांकडे, लोक ढुंकूनही पाहत नाहीत. तुमचा गेम कोणत्या गेमच्या शेजारी दाखवायचा हे स्टीम बरंचसं त्यावरून ठरवतं. 'इंडी', 'अ‍ॅक्शन', 'अ‍ॅडव्हेंचर' यांनी काहीच कळत नाही. नेमके टॅग आधी लावा, ढोबळ शेवटी.

डेमो द्यावा का? फुकटात सगळं खेळून झालं तर?

द्यावा. अर्ध्या तासात मन भरत असेल तर तो गेमचा प्रश्न आहे, डेमोचा नाही.

स्टीम नेक्स्ट फेस्ट, म्हणजे आगामी गेमच्या डेमोंचा ऑनलाइन मेळा, वर्षातून तीनदा होतो : फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर. त्यात डेमो लागतो आणि एका गेमला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. या 'एकदाच'कडे नीट लक्ष द्या. फेस्टमध्ये आधीच चालत असलेल्या गेमला आणखी वारा मिळतो; शून्यावरून आलेला गेम आठवडाभर शून्याच्या जवळपासच राहतो. म्हणून लाँचच्या आधीचा शेवटचा फेस्ट निवडा, आणि डेमो त्याच्या आधीच काही आठवडे बाहेर काढून त्यातले दोष काढून टाका.

त्याच्याही आधी तुमच्या गेमशी काही देणंघेणं नसलेल्या माणसांना खेळायला बसवा. इथे आपल्याला एक फायदा आहे. ठाण्यापासून पनवेलपर्यंत ट्रान्स-हार्बर लोकलच्या दर दुसऱ्या स्टेशनापाशी एक इंजिनीअरिंग कॉलेज आहे. फेस्टिव्हलच्या दिवसांत टेबल आणि दोन लॅपटॉप टाकायला कोणी नाही म्हणत नाही. मुलं खेळताना आपण तोंड बंद ठेवायचं. 'अरे तिथे नाही, ते बटण दाब' असं सांगायची वेळ आली की तेवढीच जागा वहीत लिहायची. मित्रमंडळींची मतं मात्र लिहून घेऊ नका, ती सगळी 'भारीच' असतात.

टिकटॉक भारतात नाही. मग लोकांपर्यंत जायचं कसं?

जून २०२० पासून टिकटॉक बंद आहे, आणि परदेशातल्या छोट्या स्टुडिओंना त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा आपल्याला थेट होत नाही, हे मान्य. तोच उभा व्हिडिओ यूट्यूब शॉर्ट्स आणि रील्सवर टाका. पण खरं गिऱ्हाईक त्या त्या प्रकाराच्या रेडिट आणि डिस्कॉर्डवरच्या चर्चागटांत सापडतं. मासेमारीचा गेम असेल तर मासेमारीच्या गेमवाल्यांत जा. गेम बनवणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये कौतुक भरपूर मिळतं, शेडरबद्दल (ग्राफिक्सच्या कोडबद्दल) प्रश्नही येतात, पण ते सगळे आपापला गेम विकायला तिथे बसलेले असतात.

पैसे टाकून पोस्ट बूस्ट करू का?

पाचशे रुपयांचा गेम विकायला जाहिरातीचे पैसे सहसा निघत नाहीत. बूस्ट केलेली पोस्ट भिवंडीतल्या कोणीतरी लाइक करतो आणि गेम घेणारा म्युनिकमध्ये असतो. स्टीमच्या लिंकला यूटीएम (लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावून कुठून किती विशलिस्ट आल्या हे पाहता येतं. आधी दोन-तीन हजार घालून ते पाहा, मग ठरवा.

रोज ईमेल येतात, 'मी मोठा स्ट्रीमर आहे, तीन की पाठवा'. पाठवू का?

'की' म्हणजे स्टीमवर गेम फुकट उघडायचा कोड. लाँचच्या आठवड्यात अशा मेलचा पूर येतो आणि त्यातले बहुतेक ठग असतात. की घेतात आणि परस्पर विकतात. त्या चॅनलच्या यूट्यूबवरच्या माहितीत दिलेला पत्ता आणि मेल आलेला पत्ता एकच आहे का, ते बघा. एखादं अक्षर इकडे-तिकडे केलेलं असतं. एकाच माणसाला तीन की कशाला लागतात, हा साधा प्रश्न पुरतो. 'आम्ही क्युरेटर (स्टीमवर गेमची शिफारस करणारे) आहोत' म्हणणाऱ्यांना मेलने की देऊच नका, स्टीमच्या क्युरेटर कनेक्टमधून प्रत पाठवा. ती विकता येत नाही. त्यानंतर निम्मे जण उत्तरच देत नाहीत.

ज्यांनी खेळावं असं वाटतं त्यांना तुम्हीच आधी लिहा. तुमच्यासारखाच गेम त्यांनी गेल्या महिन्याभरात खेळलाय, असे पन्नास छोटे-मधले चॅनल शोधा. मेल चार ओळींचा : गेम काय, ट्रेलरची लिंक, की, तारीख. 'आदरणीय महोदय' नको आणि आपल्या संघर्षाची कहाणीही नको.

मित्रांना फुकट की देऊन चांगले रिव्ह्यू लिहून घेतले तर?

उपयोग नाही. स्टीमच्या दुकानातून विकत घेतलेल्या प्रतींचेच रिव्ह्यू गुणांकात धरतात, की वापरून उघडलेल्यांचे नाही. गुणांक दिसायला दहा रिव्ह्यू लागतात. मावसभावाला खरंच मदत करायची असेल तर त्याला गेम विकत घ्यायला सांगा, आणि खेळून झाल्यावर जे वाटलं तेच लिहायला सांगा.

किंमत किती ठेवायची?

आपल्याकडचे सगळे कमी ठेवतात. 'पहिलाच गेम आहे, दोनशे रुपये बरे.' यात दोन घोटाळे आहेत. एक तर अगदी स्वस्त गेमकडे गिऱ्हाईक संशयाने बघतं. दुसरं, सवलतीला जागाच उरत नाही, आणि स्टीमवर पहिल्या महिन्यानंतरची बरीच विक्री सवलतीतच होते. वर सांगितलेल्या दहा गेमच्या वहीत परत बघा. तुमच्या लांबीचा, तुमच्या दर्जाचा गेम दहा डॉलरला जात असेल तर तुमचाही दहालाच ठेवा.

रुपयातली किंमत वेगळी लावता येते आणि लावावी. डॉलरच्या किमतीवरून स्टीम प्रत्येक चलनाची सुचवणी देतं. ब्राझील, चीन यांच्यासाठी ती सुचवणी बहुतेक मान्य करावी. भारतासाठी तुमचा अंदाज कदाचित व्हॉल्व्हपेक्षा बरा असेल. इथला कॉलेजचा मुलगा किती रुपयांना मागेपुढे बघतो हे तुम्हाला माहीत आहे.

लाँचची सवलत १० ते ४० टक्क्यांत बसते. आम्ही दहा लावतो. त्यानंतर दोन सवलतींमध्ये ३० दिवसांचं अंतर लागतं, स्टीमच्या मोठ्या हंगामी सेलना त्यातून मोकळीक आहे.

रिफंड खूप येतात का?

येतात. विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळलेला गेम कोणीही परत करू शकतं. परत करणाऱ्यांनी दिलेली कारणं स्टीम तुम्हाला दाखवतं, ती वाचा. पूर्ण गेमच दोन तासांच्या आत संपत असेल तर किमतीचा वेगळा विचार करावा लागेल.

दहा डॉलरचा गेम विकला तर हातात किती पडतात?

निम्मे पडले तरी पुष्कळ. सरळ हिशेब मांडू. अमेरिकेत एक प्रत १० डॉलरला गेली. स्टीमचे तीन गेले, सात उरले. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथलं सरकार कर कापतं. भारताशी असलेल्या करारामुळे तो १५ टक्के आहे, पण टॅक्सच्या प्रश्नावलीत पॅन देऊन करार लागू करून घेतला तरच. नाहीतर ३० टक्के. सातातून एक डॉलर पाच सेंट गेले. उरले पाच डॉलर पंचाण्णव सेंट. मग रिफंड वजा, बँकेचं शुल्क वजा, आणि डॉलरचा बँकेने लावलेला भाव, जो वर्तमानपत्रातल्या भावापेक्षा नेहमीच थोडा कमी असतो. युरोपात व्हॅट आणि भारतात जीएसटी किमतीतच धरलेला असतो, तो आधीच बाजूला निघतो. आणि बहुतेक प्रती पूर्ण किमतीला जातच नाहीत.

पैसे त्या महिन्यानंतरच्या महिन्याच्या अखेरीस येतात, तेही १०० डॉलर जमले असतील तरच. बँक परदेशी रकमेसाठी पर्पज कोड (पैसे कशाचे आले हे सांगणारा क्रमांक) विचारते. पहिल्या वेळी शाखेत जाऊन, स्टीमचा करार आणि महिन्याचा अहवाल छापून नेऊन समजावून सांगावं लागतं. काउंटरवरच्या ताईंना 'गेम विकतो' म्हटल्यावर काय डोळ्यांसमोर येतं त्याबद्दल खाली लिहिलंय.

अमेरिकेत कापलेला कर इथल्या विवरणपत्रात, इथे भरायच्या करातून वळता करून मागता येतो. सीएला आठवण करून द्या; घरगुती धंद्यांचे हिशेब बघणाऱ्या अनेकांना ही भानगड पहिल्यांदाच दिसते.

जीएसटी, गुमास्ता, कंपनी हे सगळं आधीच करायचं का?

सगळं नाही. सेवा पुरवणाऱ्याला वर्षाच्या २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी केलीच तर निर्यातीवर शून्य दराने काम चालतं, त्यासाठी एलयूटी हे हमीपत्र दर वर्षी भरावं लागतं. मोजकीच माणसं असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली (म्हणजे गुमास्त्यासाठी) नुसती ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. त्याचे दोन हजार मागणारा एजंट नौपाड्यातला असो की वाशीतला, त्याला नमस्कार करा. ट्रेडमार्कला मात्र पैसे घाला. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, गेमसाठी वर्ग ९ बघा.

दोघं-तिघं मिळून करत असाल तर कंपनीआधी एक कागद लिहा. कोणाचा किती वाटा, मध्येच कोणी नोकरीला गेलं तर काय, कोड आणि चित्रं कोणाची. मैत्री आहे तोवरच हा कागद होतो.

'ऑनलाइन गेम बंद झाले ना?' असं घरचे विचारतात. काय सांगू?

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर त्याने बंदी घातली, रमी-पोकरची अ‍ॅप त्यात गेली. एकदा किंमत देऊन घ्यायचा आणि खेळून मनोरंजन करून घ्यायचा गेम त्यात येत नाही; उलट ई-स्पोर्ट्स आणि साध्या मनोरंजनाच्या गेमना उत्तेजन द्यायचं असं तोच कायदा म्हणतो. घरच्यांना आणि बँकेला सांगायचं वाक्य एकच : आम्ही सॉफ्टवेअर बनवून परदेशात विकतो. सासुरवाडीलाही तेच चालतं.

मराठी विषयावरचा, मराठीतला गेम विकला जाईल का?

विषय आणि भाषा वेगळ्या करून बघा. विषय कुठलाही असू दे, तो अडचण ठरत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला तो भारतीय पुराणकथांवरच आणि निन्टेंडो स्विच या कन्सोलपर्यंत, म्हणजे खास गेम खेळायच्या यंत्रापर्यंत, पोचला. टोरांटोच्या छोट्या स्टुडिओचा 'वेंबा' कॅनडात गेलेल्या तामिळ कुटुंबाचा आणि त्यांच्या स्वयंपाकघराचा; त्याला २०२४ मध्ये पदार्पणाचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे खेळायला काय मिळतं हे एका वाक्यात सांगता येतं. 'आपली संस्कृती जगापुढे नेणारा गेम' एवढंच सांगून जर्मनीतला माणूस पैसे काढत नाही. सह्याद्रीतला किल्ला बांधायचा, रसद भरायची, पावसाळ्यात वेढा सोसायचा असं सांगितलं तर तो थांबतो.

भाषा हा खर्चाचा प्रश्न आहे. विक्रीसाठी इंग्रजी आणि सरलीकृत चिनी (सिम्प्लिफाइड चायनीज) या दोन भाषा स्टीमचा सगळ्यात मोठा भाग व्यापतात, त्यामुळे पहिलं भाषांतर चिनी करावं हे आमचं मत. मराठी प्रेमाने करा, पण ती तुमच्या इंजिनात (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) नीट दिसते का ते पहिल्याच आठवड्यात तपासा. युनिटी या इंजिनातला अक्षरं दाखवणारा टेक्स्टमेशप्रो देवनागरी नीट जुळवत नाही : ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे जायची ती उजवीकडेच राहते, जोडाक्षरं फुटतात. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनात ही जुळणी आतच आहे. आवाज मराठी ठेवून खाली इंग्रजी अक्षरं, हा मार्ग स्वस्त आहे आणि ऐकायलाही छान लागतो. गडकरी रंगायतनच्या आसपास आवाज देणाऱ्यांची काय कमी?

पब्लिशर शोधावा का?

पब्लिशर म्हणजे विक्रीतला वाटा घेऊन गेम बाजारात आणून देणारा. त्याच्याकडून काय हवंय ते आधी लिहा. पैसे हवेत? कन्सोलवर न्यायचंय? भाषांतर, चाचणी? यातलं काही नसेल आणि 'तो मार्केटिंग करेल' एवढंच असेल, तर त्याच्या गेल्या पाच गेमचे रिव्ह्यू मोजा. त्यानंतर मत बदलतं.

करारात आम्ही बघतो ते असं. वाटा किती, यापेक्षा तो कधीपासून सुरू होतो ते महत्त्वाचं. आधी पब्लिशरचा खर्च वसूल होणार असेल तर त्या खर्चात काय काय धरलं आहे आणि त्याला वरची मर्यादा आहे का? गेमचे हक्क तुमच्याकडेच राहतात ना? पुढच्या गेमवर त्यांचा पहिला हक्क लिहिलाय का? त्यांनी वर्षभर काहीच केलं नाही तर करार मोडता येतो का, आणि स्टीमचं पान कोणाच्या खात्यावर असेल? हिशेब तपासायचा अधिकार आहे का? वकिलाला दाखवायचे पैसे नाहीत म्हणून सही करणारे बरेच पाहिलेत. त्या पंधरा-वीस हजारांवर कंजुषी करू नका.

आणि जो पब्लिशर तुमच्याकडूनच पैसे मागतो, तो पब्लिशर नव्हे.

किकस्टार्टर?

गेम बनण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करायची ही साइट. भारतातल्या पत्त्यावर आणि बँक खात्यावर तिथे थेट मोहीम काढता येत नाही. 'राजी'ची २०१७ ची मोहीम ठरवलेल्या रकमेपर्यंत पोचली नव्हती, तरी गेम पूर्ण झाला. त्यामुळे मोहीम पडली म्हणजे गेम पडला असं समजायचं कारण नाही.

सरकारकडून काही मिळतं का?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स (सिनेमातली संगणकी दृश्यं), गेमिंग, कॉमिक्स आणि एक्सआर (आभासी वास्तवासारखं तंत्र) यांच्यासाठीचं धोरण मंजूर केलं. धोरण वाचा, सवलती बघा, अर्ज करा. पण पुढच्या तीन महिन्यांचा पगार त्याच्या भरवशावर ठेवू नका.

लाँच किती वाजता करायचा?

स्टीमचं दुकान पॅसिफिक, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, वेळेनुसार सकाळी दहाला नव्याने मांडलं जातं. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि तिकडची घड्याळं बदलली की साडेअकरा. दुपारी झोपून घ्या. मंगळवार ते गुरुवार यातला वार निवडा, म्हणजे काही मोडलं तर दुरुस्तीला आठवडा शिल्लक राहतो. नेक्स्ट फेस्टचा आठवडा आणि मोठ्या सेलचा आठवडा टाळा. त्याच प्रकारातला बडा गेम त्या दिवशी येतोय का ते बघा. इन्व्हर्टर आणि मोबाइलचा डेटा तयार ठेवा. पावसाळ्यातला लाँच असेल तर जास्तच.

पहिल्या रात्री रिव्ह्यूंना उत्तरं देत बसू नका. बगची तक्रार असेल तर दुरुस्त करा आणि मग 'दुरुस्त केलं' एवढं लिहा.

नाही चालला तर?

पहिल्या महिन्यात कळतं. तीनशे प्रती गेल्या असतील तर सहा महिने राबून अपडेट काढल्याने त्या तीस हजार होत नाहीत. जे खेळलेत त्यांचे बग काढा, वर्षभराच्या सेलमध्ये सवलत लावत राहा, एखाद्या बंडलमध्ये (अनेक गेमच्या स्वस्त गठ्ठ्यात) घालायला कोणी विचारलं तर हो म्हणा आणि दुसरा गेम सुरू करा. तो छोटा करा, सहा-आठ महिन्यांत संपेल एवढा. त्याचं पान तयार झालं की पहिल्या गेमच्या मेनूत त्याची लिंक टाका आणि पहिल्या गेमच्या पानावर बातमी लावा. ज्यांनी घेतलाय आणि जे फॉलो करतात त्यांना ती दिसते. दुसऱ्या गेमच्या पहिल्या शंभर विशलिस्ट बहुतेक तिथूनच येतात.

आमचा गेम बघून सांगाल का?

सांगू. शनिवारी दुपारी चारनंतर आम्ही गाळ्यावर असतो. चालणारा बिल्ड आणा आणि त्या दहा गेमची वहीही आणा. नुसती कल्पना घेऊन येणार असाल तर चहा जरूर पाजू, पण वही भरल्यावर या.